औषध थांबविण्याची बखर

वैद्यकाचे जे इतिहास आजवर लिहिले गेले, ते बहुतांशी औषधे सापडल्याचे इतिहास आहेत; सापडलेले औषध केव्हा आवरते घ्यावे, हे ज्ञान मनुष्यास कोणत्या मार्गाने आणि किती विलंबाने प्राप्त झाले, याची बखर लिहिण्याचा उत्साह सहसा कोणी दाखवीत नाही. बाळंतपणानंतर बिघडणारी अवटुग्रंथी, जिला आज घरोघर थायरॉईड म्हणतात, ही त्या उपेक्षित बखरीची खरी नायिका होय. कारण तिचा हा विकार पुष्कळदा आपला आपण येतो, काही महिने मुक्काम करतो आणि आपला आपण निघून जातो, आणि अशा पाहुण्यासाठी सुरू केलेली गोळी तो गेल्यावरही चालूच राहण्याचा संभव असतो.

या विषयाचा एक जुना आणि लक्षणीय दाखला इंग्लंडातील बाथ शहरच्या कॅलेब पॅरी या वैद्याच्या टिपणांत सापडतो. १७८६ साली त्याने सदतीस वर्षांची एक विवाहिता तपासली. बाळंतपणानंतर सुमारे तीन महिन्यांनी, मूल अंगावर पीत असतानाच, तिच्या मानेच्या उजव्या अंगास अक्रोडाएवढी गाठ दिसली होती, पुढे ती वाढत गेली, हृदय धडधडू लागले आणि डोळे खोबणीतून पुढे आले. पॅरीच्या मृत्यूनंतर, १८२५ साली, हे टिपण छापले गेले. त्या स्त्रीचा रोग निराळा व अधिक उग्र होता हे खरे. तथापि पॅरीचे सारे अवधान हृदयाकडे लागले होते आणि ‘तीन महिन्यांनी’ हा तपशील त्या कागदावर नुसता पडून राहिला.

आपल्याकडेही हा विकार नजरेतून सुटला, त्याचे कारण मात्र वेगळे. महाराष्ट्रातील घरांत बाळंतिणीचा बंदोबस्त मोठा चोख असे. शेक, धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, वैद्याचा काढा, वाऱ्याला न जाणे, या सगळ्यांचा अंमल सव्वा महिना कडकडीत चाले आणि त्या मुदतीत तिला काही झाले तर ते ‘बाळंतरोग’ या सदरात जमा होई. अवटुग्रंथीचा हा उपद्रव परंतु बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यानंतर डोके वर काढतो आणि सहाव्याच्या सुमारास ग्रंथी मंदावण्याचे त्याचे रूप प्रकटते. म्हणजे पहारा उठल्यावर, बाई पुन्हा चुलीपुढे बसल्यावर. मग तिची ग्लानी हा आळस ठरे, केस गळणे ही दुधाची ओढ ठरे, आणि तिच्या रडण्याला तर स्वभाव हे कारण तयारच असे. आजही हे निदान देणारी मंडळी कमी नाहीत.

मंदावलेल्या अवटुग्रंथीच्या औषधाचा जन्म १८९१ सालचा. न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे याने मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून, सुजलेल्या व जड झालेल्या एका सेहेचाळीस वर्षांच्या स्त्रीस अक्षरशः माणसांत आणले. पुढच्याच वर्षी ती ग्रंथी पोटात घेतली तरी चालते असे आढळले, आणि एका डॉक्टरने ती थोडी तळून मुरंब्याबरोबर खावयास दिल्याची नोंद आहे. मरेची रुग्ण चौऱ्याहत्तराव्या वर्षी, १९१९ साली वारली. तोपर्यंत तिच्यासाठी आठशे सत्तराहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या होत्या. हा विजय इतका नेत्रदीपक होता की, अवटुग्रंथीचे औषध म्हणजे जन्माची सोबत, हा समज त्याच्याबरोबरच रुजला. १९१४ मध्ये केंडॉल या संशोधकाने ग्रंथीतील मूळ द्रव्य, थायरॉक्सिन, शुद्ध स्वरूपात वेगळे केले, १९२७ मध्ये हॅरिंग्टन व बार्जर या संशोधकांनी ते प्रयोगशाळेत घडविले. औषध सुधारले, समज तसाच राहिला.

बाळंतपणानंतरच्या विकाराकडे लक्ष मात्र कोणा नामांकित विद्यापीठातून वेधले गेले नाही. न्यूझीलंडमधील रॉबर्टन नावाच्या एका सामान्य व्यवसायी डॉक्टराने, प्रसूतीनंतर थकवा, थंडी न सोसणे आणि केसांतील फरक यांची गाऱ्हाणी घेऊन येणाऱ्या स्त्रियांना ग्रंथीचा अर्क देऊन पाहिला, त्यांना बरे वाटले, आणि १९४८ साली त्याने ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिले. या लेखाकडे पुढे कित्येक वर्षे फारसे कोणी पाहिले नाही. बायकांची कैफियत ऐकून घेऊन तिची टिपणे ठेवणे एवढेच त्या गृहस्थाचे साधन होते, आणि मला ते पुष्कळ मोठे वाटते.

दरम्यान ग्रंथीची परीक्षा किरणोत्सारी आयोडीनने होऊ लागली होती. आपल्या परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३ पासून हेच कार्य चालले. परंतु अंगावर पाजणाऱ्या आईला ते आयोडीन देता येत नाही, म्हणून तिच्यापुरता हा मार्ग बंदच होता. तो मोकळा केला रक्तातील अत्यल्प द्रव्ये मोजण्याच्या नव्या रीतीने, जिच्याबद्दल रोझलिन यॅलो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या रीतीच्या आधारे ओसाकाच्या नोबुयुकी अमिनो यांनी १९७६ मध्ये प्रसूतीनंतरची तात्पुरती मंदता दाखविली आणि १९८२ मध्ये पाचशे सात मातांची पाहणी प्रसिद्ध केली, तीत शेकडा साडेपाच जणींत हा विकार निघाला. गर्भाला सांभाळून घेण्यासाठी सौम्य झालेली शरीराची संरक्षणशक्ती प्रसूतीनंतर उसळते आणि ग्रंथीवर चालून जाते; कोठाराची भिंत खचून धान्य बाहेर सांडावे तसा साठविलेला रस प्रथम रक्तात ओतला जातो, म्हणून धडधड व कृशता, आणि कोठार रिकामे झाले की ग्लानी. भिंत पुष्कळदा पुन्हा बांधली जाते.

मग गोळी थांबविली तर तिच्यामुळे झोपलेली ग्रंथी जागी होते काय? माँटी ग्रीअर या अमेरिकन संशोधकाने १९५१ सालीच निरोगी माणसांना अर्क देऊन व नंतर थांबवून दाखविले होते की, औषध कितीही दिवस घेतले असले तरी ग्रंथी बहुधा काही आठवड्यांत आपले काम पुन्हा हाती घेते. आज प्रसूतीनंतरच्या विकारासाठी सुरू केलेली गोळी साधारण वर्षभराने हळूहळू कमी करून पाहतात आणि दर सहा ते आठ आठवड्यांनी रक्तातील टीएसएच, म्हणजे ग्रंथीला कामास लावणारे संप्रेरक, तपासतात. कारण थायरॉक्सिन रक्तातून निम्मे व्हावयासच सुमारे आठवडा लागतो, त्यामुळे घाईने केलेली तपासणी खोटी साक्ष देते. पुन्हा दिवस गेले असतील किंवा तशी इच्छा असेल तर हा प्रयोग पुढे ढकलतात. जिची ग्रंथी आधीपासूनच निकामी आहे, तिची गोळी थांबत नाही. गरोदरपणात वाढविलेली मात्रा प्रसूतीनंतर पूर्ववत करून सहा आठवड्यांनी रक्त पाहतात, इतकेच. प्रसूतीनंतरच्या विकारासाठीची गोळी ज्यांची सुटली, त्यांनाही वर्षातून एकदा तपासणी चुकत नाही, कारण त्यांपैकी काहींना मंदता पुढे कायमची जडते.

तेव्हा घरात बाळंतीण असेल तर तिने गोळी आपल्या मनाने सोडू नये. मात्र ती कोणत्या तारखेस, कोणत्या अहवालावरून आणि किती मात्रेने सुरू झाली, हे तिच्या कागदांत स्पष्ट लिहून ठेवावे आणि वर्ष भरताच डॉक्टरांना, ‘ही आता लागते का?’ असे निःसंकोच विचारावे.