चंची, बटवा, कोथळी : आपल्या तांड्यांवरच्या सुईचा इतिहास

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. वेळ काढून वाचा.

तुळजापुरात कवडी कुणाला सांगायला नको. आराध्यांच्या गळ्यात माळ, परडीला कवडी, दुकानांवर माळांचे झुबकेच्या झुबके. पण हीच कवडी आपल्या तालुक्यात आणखी एका ठिकाणी आहे आणि तिकडं आपलं लक्ष जात नाही. ती आहे तांड्यावरच्या बाईनं हातानं शिवलेल्या पिशवीला.

आधी पिशव्यांचं सांगतो. जुन्या माणसांच्या कनवटीला किंवा बंडीच्या खिशात चंची असायची. कापडाची लांब पट्टी, तिला ओळीनं कप्पे. एकात पान, एकात सुपारी, एकात तंबाखू, चुन्याची डबी वेगळी. घडी घालायची, गुंडाळायची, दोरीनं बांधायची. बायकांचा बटवा म्हणजे तोंडाला नाडी ओवलेली थैली. त्यात सुट्टे पैसे, सुपारीचं खांड आणि कित्येकदा सुई-दोरा. गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये सुई, दोरा, बटणं ठेवायला घरी शिवलेली अशीच कप्प्यांची पट्टी असायची. सैनिक ती सोबत ठेवायचे आणि तिला चक्क 'हाउसवाइफ' म्हणायचे. आकार पाहिला तर आपल्या चंचीची सख्खी बहीण. फिरतीवरच्या माणसाला घर सोबत न्यायचं असतं, मग ते असं कप्प्याकप्प्यात जातं.

आणि फिरतीवरच्या माणसांचं नाव काढलं की आपल्या भागात पहिलं नाव बंजाऱ्यांचं. त्यांच्याकडं पिशवी ही हौसेची वस्तूच नव्हती, सगळा संसारच पिशव्यांत होता. धान्याच्या गोण्या बैलाच्या पाठीवर, घरचं सामान झोळ्यांत, पैसे-सुपारी छोट्या कोथळीत. १६३२ मध्ये पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाला वाटेत एक तांडा भेटला, त्यात १४,००० बैल धान्य घेऊन चालले होते. तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्यासुद्धा त्याच शतकात दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांबद्दल लिहून गेलाय. धान्य, डाळी, मीठ. मोगलांच्या दख्खन मोहिमांतल्या फौजा यांनी आणलेल्या धान्यावर जेवल्या. भंगी आणि जंगी या दोन नाईकांकडं मिळून १,८०,००० बैल होते असं परंपरा सांगते. आकड्यावर वाद घाला, पण एवढ्या बैलांच्या पाठीवरचं शिवणकाम कुणी केलं हा प्रश्न कुठल्याच इतिहासकाराला फारसा पडलेला दिसत नाही.

बंजारा भरतकाम असं दाट का असतं, याचं उत्तर मला वाटतं इथंच आहे. कापडाचे थर एकावर एक ठेवायचे, जुनं लुगडं-धोतर आत घालायचं आणि बारीक धावदोऱ्यानं सगळं एकजीव करायचं. गोधडीचंच शास्त्र. मग वर नक्षी. कागदावर काढलेला नमुना नाही, छाप नाही, चौकटीवर ताणणं नाही. कापडाचे धागे मोजत, डोळ्याच्या अंदाजानं चौकोन, त्रिकोण, तिरप्या रेघा. कडेला कवड्या, लोकरीचे गोंडे, मध्ये आरसे. दिसायला दागिना, पण काम मजबुतीचं, कारण जिथं ओढ पडते तिथं टाके सगळ्यात दाट. चौकोनी कापडाचे तीन कोपरे मध्यभागी ओढून शिवले की पाकिटासारखी पिशवी होते आणि चौथा कोपरा झाकण. कात्री जवळजवळ लागतच नाही, कापड वाया जात नाही. असा हिशोब गरिबीला आणि प्रवासाला दोन्हीला सोसतो.

टाक्यांना नावंसुद्धा आहेत. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामात चौदा प्रकार मोजतात. किलन, वेले, बक्या, माकी, रेलो, गदरी, भुरिया, जोल्या, नाकरा... आणि एक चक्क 'कौडी'.

मग हे सगळं कमी कधी झालं? रेल्वे आली तेव्हा. १८५३ ला मुंबई-ठाणे आणि १८६० च्या सुमारास सोलापूर. तुळजापूरला रेल्वेची वाट पिढ्यान्‌पिढ्या बघावी लागली ती गोष्ट वेगळी, पण सोलापूरच्या मालगाडीनं इथल्या बैलाचं काम काढून घेतलं. मिठावर सरकारची पकड आली, तोही धंदा गेला. वर १८७१ मध्ये इंग्रजांनी 'गुन्हेगार जमाती' कायदा आणला, पुढं त्याची व्याप्ती वाढत गेली आणि ज्यांनी फौजा पोसल्या त्यांच्यावरही चोराचा शिक्का बसला. अशा काळात कवड्या-आरशांचा फेटिया आणि कांचळी म्हणजे लांबूनच ओळख पटवणारा पुरावा. तरी बायकांनी तो पेहराव टाकला नाही. याला मी जिद्दच म्हणतो. हा शिक्का कागदावरून पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला.

तांडे थांबले, पण चालणं थांबलं नाही. दिवाळी झाली की ट्रॅक्टर येतो, उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. पाच-सहा महिने उसाच्या फडात, पहाटे मोळ्या बांधायच्या. पूर्वी बैलामागं चालताना, मुक्कामाला, दुपारच्या सावलीत सुई चालायची. फडात कुठली सुई? पोरींना कला नको झाली असं सरसकट म्हणणाऱ्यांनी एकदा कोप्यावर चार दिवस राहून यावं. एक पिशवी नीट भरायला कित्येक दिवस जातात आणि त्या दिवसांची मजुरी कुणी द्यायची?

आता मुद्द्याचं. संडूर हे घोरपड्यांचं, म्हणजे मराठा घराण्याचं संस्थान. तिथं १९८० च्या दशकात बायकांना एकत्र करून भरतकामाचं केंद्र उभं राहिलं आणि २०१० मध्ये 'संडूर लंबाणी एम्ब्रॉयडरी'ला भौगोलिक मानांकन मिळालं. बायकांना घरबसल्या काम मिळालं. व्हँकुव्हरच्या चार्लट क्वॉन आणि टिम मॅक्लॉक्लिन या दोघांनी बंजारा कापडावर २०१६ मध्ये अख्खा ग्रंथ काढला. गोव्यात हणजुण्याच्या बाजारात लमाणी बायका विदेशी पर्यटकांना आरशाच्या पिशव्या विकतात. आणि नळदुर्ग, तुळजापूर परिसरात? जुनी पिशवी फेरीवाल्याला, भांड्याच्या बदल्यात.

सोलापुरी चादरीला मानांकन आहे. ती यंत्रमागावर निघते, तिच्यामागं कारखानदार होते, संघटना होत्या. इथं हातात सुई घेतलेल्या बाईमागं कोण आहे? त्यात तिची सरकारदरबारी ओळखही प्रत्येक राज्यात निराळी. तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, महाराष्ट्रात विमुक्त जाती. निजामाच्या राज्यात आपण सगळे एकाच नकाशात होतो. १९५६ ला रेषा पडल्या आणि एकाच टाक्याचे तीन दाखले झाले. आरक्षणाच्या वादात मी इथं शिरत नाही, ती वेगळी पोस्ट होईल. पण योजना आखताना ही बाई नेमकी कुठल्या खात्याच्या फायलीत बसते, एवढं तरी कुणीतरी बघावं. विमुक्त जाती की हस्तकला की महिला बचत गट?

आपल्याच जिल्ह्यात तेरला रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय आहे, सातवाहन काळातल्या वस्तू बघायला बाहेरून लोक येतात. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कंगवे असल्या रोजच्या वस्तू गोळा केल्या तेव्हा लोक हसले असतील, आज तिथं तिकीट काढून जातात. तुळजापुरात वर्षाला लाखो भाविक येतात. त्यात बंजारा समाज मोठा, त्यांच्या देवतांत तुळजादेवीचं नाव इंग्रज काळातल्या नोंदींतही आहे. या गर्दीच्या वाटेवर एक खोली, चार कपाटं, आणि तिथंच बसून शिवणाऱ्या पाच-सहा बायकांना रोजाप्रमाणं मानधन, एवढं अवघड आहे का? विकास आराखड्यात कोट्यवधींचे आकडे वाचतो, म्हणून विचारतोय.

तोपर्यंत एक काम आपल्या हातात आहे. ज्यांच्या घरी ट्रंकेत आजीची कोथळी, चंची, कांचळीचा तुकडा असेल, त्यांनी तो विकण्याआधी फोटो काढा. मागची बाजूसुद्धा, कारण टाका मागून कळतो. आजी हयात असेल तर तिच्याकडून टाक्याचं नाव गोरबोलीत विचारून घ्या आणि फोनवर तिचा आवाज रेकॉर्ड करा. कुणी शिवली, कुठल्या तांड्यावर, कुणाच्या लग्नात, हे फोटोखाली लिहून ठेवा. आणि आत कप्प्यात सुई अडकलेली असेल तर तीही तिथंच राहू द्या.