तेलवाहिनीची दोन टोके

एप्रिल २०२३मधली गोष्ट. आखाडा बाळापूरला हिंगोली-नांदेड रस्त्यावरच्या एका हॉटेलात आम्ही चहा घेत बसलो होतो. समोरच्या वर्तमानपत्रात राजापूर तालुक्यातल्या बारसूचे छायाचित्र होते. तेल शुद्धीकरण कारखान्यासाठी जमीन तपासायला येणाऱ्या गाड्या अडवायला बायका रस्त्यावर आडव्या झाल्या होत्या. शेजारच्या टेबलावर गावातली शिकलेली तीन-चार पोरे बसली होती. त्यातला एक म्हणाला, "त्यायला नको असंल तर आमच्याकडं पाठवा म्हणावं. आम्ही पुण्याला जाऊन बारा-बारा तास राबायलोत, अन् हे दारात आलेलं काम हाकलायलेत!"

खरे सांगतो, मीही मान डोलावली.

कोपऱ्यात एक वयस्क गृहस्थ बसले होते. धरणात जमीन गेलेले. ते म्हणाले, "बाळा, पाणी कुणाकडं गेलं अन् पाण्याखाली कोण गेलं, हे एकदा बघून ये. मंग बोल."

आमच्या भागाला ही गोष्ट नवी नाही. पैनगंगेवरचे इसापूर धरण आमच्या कळमनुरी तालुक्याच्या कडेला आहे. त्याचे पाणी कालव्यांनी दूर नांदेड जिल्ह्यातल्या शिवारांपर्यंत जाते. कालव्याला दोन टोके असतात, आणि दोन्ही टोकांच्या माणसांचा हिशेब सारखा नसतो. तेलाच्या वाहिनीचेही असेच असेल का, या प्रश्नाने मी जुनी पाने उलटू लागलो.

सुरुवात आसामपासून करावी लागते. दिगबोईला १९०१पासून तेल शुद्धीकरण कारखाना होता. स्वातंत्र्यानंतर, १९५३मध्ये नाहरकटियाला मोठा तेलसाठा सापडला. हे तेल शुद्ध कुठे करायचे? सरकारी तज्ज्ञांचा कल बिहारमधल्या बरौनीकडे होता. आसाममध्ये १९५६-५७ साली त्याविरुद्ध आंदोलन पेटले. तेल आमच्या जमिनीतले आणि नोकऱ्या हजार किलोमीटरवर, हे तिथल्या लोकांना पटेना. शेवटी तडजोड झाली. गुवाहाटीजवळ नूनमाटीला लहान कारखाना निघाला. तो १ जानेवारी १९६२ला सुरू झाला. मोठा कारखाना मात्र बरौनीलाच झाला आणि अकराशे किलोमीटरहून लांब वाहिनीने तेल तिकडे वाहू लागले.

म्हणजे आसाम कारखाना मागत होता आणि राजापूर तो नाकारत होते. वरवर पाहता ही दोन विरुद्ध टोके. पण दोन्ही ठिकाणी तक्रारीचे मूळ एकच होते. जागा आमची, निर्णय मात्र दुसऱ्याचा.

याच काळात एक कायदा आला, जो शेतकऱ्याने माहीत करून घ्यावा असा आहे. पेट्रोलियम वाहिन्यांसाठी जमिनीच्या वापराचा हक्क संपादन करण्याचा १९६२चा कायदा. यात जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते, सरकार घेते तो फक्त जमिनीखालून नळ नेण्याचा हक्क. वर पीक घेता येते. पण त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर किंवा तळे खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. या हक्काचा मोबदला जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के, आणि काम करताना झालेल्या नुकसानीची भरपाई वेगळी. हरकत घ्यायला मुदत २१ दिवसांची.

वाहिनीची चांगली बाजूही सांगितली पाहिजे. आमच्या पंपावर पेट्रोल टँकरने येते. टँकर उलटला तर काय होते, हे रस्त्याकाठच्या गावांना सांगायला नको. वाहिनीने तेल नेणे स्वस्त पडते आणि टँकरपेक्षा सुरक्षितही. पण रोजगाराचे म्हणाल, तर तो चर खोदणे, नळ जोडणे, माती लोटणे चालू आहे तोवरच. नंतर पंपिंग स्टेशन आणि राखणदारी यापुरती थोडी माणसे लागतात. कायमच्या नोकऱ्या वाहिनीच्या टोकाला, कारखान्यात असतात.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. फेब्रुवारी १९७४मध्ये 'सागर सम्राट' या जहाजाने मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात तेल शोधले. मे १९७६मध्ये मुंबई हायमधून उत्पादन सुरू झाले. आधी तेल जहाजांनी यायचे. १९७८मध्ये समुद्राच्या तळातून वाहिनी टाकून ते उरणच्या किनाऱ्यावर आणले गेले. वायूही आला. त्या वायूवर खताचा मोठा कारखाना काढायचे ठरले, तेव्हा मुंबईच्या इतक्या जवळ, खाडी आणि किनाऱ्यालगत तो असावा का, यावर मोठा वाद झाला. अखेर अलिबागजवळ थळ-वायशेतला तो उभा राहिला आणि १९८५मध्ये सुरू झाला. त्याच्या खताची पोती मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचली. तेव्हा आपणही या वाहिनीच्या एका टोकाला बसलेले आहोत, हे विसरून चालणार नाही.

दुसऱ्या टोकाला उरण-पनवेलचे कोळी होते. बंदर, तेल, नवे शहर असे सारे त्यांच्याच खाडीवर आले. २०११मध्ये मुंबई-उरण वाहिनीतून तेलगळती झाली. ३ सप्टेंबर २०१९ला उरणच्या तेल-वायू प्रकल्पात आग लागून चार जण गेले. मासेमारीचे पाणी आणि वाटा हिरावल्या म्हणून तिथले कोळी हरित लवादाकडे गेले. लवादाने २७ फेब्रुवारी २०१५ला १६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. मुद्दा असा, की नुकसान आहे हे कागदावर यायलाच एक पिढी गेली.

मधल्या काळात कायदे बदलले. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९९४पासून मोठ्या प्रकल्पांना परिणामांचा अभ्यास सक्तीचा झाला आणि १९९७मध्ये त्यात जनसुनावणी आली. मात्र २००६च्या अधिसूचनेत तेलवाहिन्यांना आधी पर्यावरण मंजुरी लागते ती अभयारण्ये, राष्ट्रीय उद्याने, प्रवाळ अशा संवेदनशील भागांतून जाताना. साध्या शेतातून जाणाऱ्या वाहिनीसाठी जनसुनावणी नाही. तिथे तेच २१ दिवस.

कोकणचा वाद या पार्श्वभूमीवर पाहावा. तीन सरकारी तेल कंपन्यांनी २०१७मध्ये संयुक्त कंपनी काढली. राजापूर तालुक्यातल्या नाणार परिसरात वर्षाला ६ कोटी टन तेल शुद्ध करण्याचा, तीन लाख कोटी रुपयांचा बेत होता. लाखावर रोजगारांचे आकडे सांगितले गेले. जमिनीची अधिसूचना आधी निघाली, लोकांशी बोलणे नंतर. आंबा, काजू, मासळीवर जगणारी गावे उठली आणि मार्च २०१९मध्ये अधिसूचना रद्द झाली. जानेवारी २०२२मध्ये राज्य सरकारने केंद्राला बारसूची जागा सुचवली. तिथल्या सड्यावर प्राचीन कातळशिल्पे आहेत आणि त्याच वर्षी कोकणातली कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कारखाना हवा म्हणणारे, जमिनीची संमती देणारेही तालुक्यात होते. बाहेरच्यांनी आधीच जमिनी घेऊन ठेवल्याचा आरोपही होता. फेब्रुवारी २०२३मध्ये या विषयावर लिहिणारे राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांचा गाडीखाली चिरडून मृत्यू झाला आणि खुनाचा गुन्हा नोंदला गेला. एप्रिलच्या अखेरीस बारसूत अश्रुधूर सुटला. कारखाना मात्र आजवर उभा राहिलेला नाही.

या सगळ्यातून मला एवढेच दिसते. "रोजगार की पर्यावरण?" हा प्रश्न लोकांपुढे येतो तेव्हा बहुतेक वेळा जागा ठरलेली असते. मग माणसाला हो किंवा नाही, एवढेच म्हणता येते. बारसूच्या बाईला नाही म्हणावे लागते आणि बाळापूरचा पोरगा रिकाम्या हाताने हो म्हणतो. दोघेही खोटे नाहीत. पण ती दोघे एकमेकांचे वैरी ठरतात आणि आकडे मांडणारा बाजूला राहतो.

त्या पोराशी मी नंतर बोललो. कारखाना नको असे मी त्याला सांगितले नाही. तसे सांगायचा अधिकार मला नाही. माझी नोकरी झाली, पेन्शन सुरू आहे. मी एवढेच म्हटले, की उद्या आपल्या शिवारात असे काही आले, तर कामगार किती, किती वर्षे, कायम किती आणि कंत्राटी किती, हे लेखी मागायचे. पाणी कुठून घेणार आणि घाण कुठे सोडणार, तेही लेखी. २१ दिवस मोजायला पहिल्या दिवसापासून सुरुवात करायची.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, हे लेखी मागायला ग्रामसभेला तुम्ही येताल का?"

मी हो म्हटले आहे.