देव खिद्रापूरला, नंदी यडूरला

शिवालयात गेले की आधी नंदीच्या पाठीवर हात ठेवायचा आणि मग गाभाऱ्याकडे वळायचे, ही आपली सवय. खिद्रापूरच्या कोपेश्वरापाशी हा हात रिकामाच राहतो. देऊळ शिल्पांनी भरलेले, पण नंदी नाही. तो कुठे गेला असे विचारले, तर नदीच्या दोन्ही काठांवर एकच उत्तर मिळते : यडूरला! दक्षाने यज्ञ मांडला, जावयाला आवतण दिले नाही. तरी सती हट्टाने नंदीवर बसून माहेरी निघाली. ते माहेर म्हणजे यडूर. तिच्या देहत्यागाने शिव कोपला तो कोपेश्वर, आणि त्याची समजूत घालायला आलेला विष्णू तो धोपेश्वर. म्हणून गाभाऱ्यात दोन लिंगे. यडूरचे मोठे देवस्थान आहे वीरभद्राचे, म्हणजे यज्ञाचा विध्वंस करणाराचे. कथा रचणाऱ्याचा भूगोल पक्का होता, एवढे खरे.

आज देव महाराष्ट्रात, शिरोळ तालुक्यात, आणि नंदी कर्नाटकात, चिकोडी तालुक्यात. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दोन्ही गावे मुंबई राज्यात होती.

इंग्लंडात नदीकाठची जुनी गावे आणि चर्चे पाहत पायी फिरून निघालो तिथेच परत यायचे, अशा वाटा लोक हौसेने चालतात. आपल्याला त्याचे नवल नको. आपण त्याला प्रदक्षिणा म्हणतो. शाळेतल्या मुलांना घेऊन मी अशी एक प्रदक्षिणा घालतो. कल्लोळला दूधगंगा कृष्णेला मिळते, तिथून आरंभ. दूधगंगेच्या काठाने मलिकवाड, बंधाऱ्यावरून पलीकडे दत्तवाड, मग सैनिक टाकळी आणि खिद्रापूर. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी नदी ओलांडून यडूर, आणि तिथल्या बंधाऱ्यावरून पुन्हा कल्लोळ. मलिकवाडचा बंधारा उतरताना राज्य बदलते. ऊस तोच, माती तीच, फक्त पाट्यांची लिपी पालटते.

खिद्रापूरचे देऊळ बाराव्या शतकातले, कोल्हापूरच्या शिलाहारांच्या राजवटीतले. पायथ्याशी हत्तींची रांग, जणू सगळा भार त्यांच्याच पाठीवर. पुढे अठ्ठेचाळीस खांबांचा स्वर्गमंडप. त्याच्या छताला मधोमध मोठे वर्तुळ मोकळे सोडले आहे आणि बरोबर त्याखाली जमिनीवर अखंड शिळेची गोल रंगशिला आहे. इथवर मुले खूश असतात. खरा तास सुरू होतो तो लेखांपाशी.

देवळात डझनभर शिलालेख आहेत. दक्षिण दाराजवळचा यादव राजा सिंघणाचा लेख संस्कृतात, देवनागरीत आहे, काळ इ. स. १२१३-१४. सिंघणाने शिलाहारांचे राज्य नुकतेच बुडवले होते, तरी हरलेल्यांच्या देवाची पूजाअर्चा चालावी म्हणून त्याने गाव इनाम दिले. बाकीचे लेख बहुतेक कन्नडात आहेत. एका वर्षी एका मुलाने विचारले, "सर, मग हे देऊळ त्यांचं की आपलं?"

आपल्याकडच्या मुलाला हा प्रश्न पडणारच. १९६६ साली नेमलेला महाजन आयोग, त्याचा १९६७ चा अहवाल, २००४ पासूनचा सर्वोच्च न्यायालयातला दावा, हे सारे तो घरी ऐकतच वाढला आहे. मी त्याला श्रवणबेळगोळची गोष्ट सांगितली. मराठीतल्या अगदी जुन्या शिलालेखांपैकी एक तिथे, थेट कन्नड मुलखात, गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेला आहे. म्हणून श्रवणबेळगोळ कोणी आपले म्हणत नाही. मग खिद्रापूरच्या कन्नड अक्षरांना आपण का बिचकावे? दानाचा लेख दान टिकावे म्हणून कोरतात. त्या काळी शेतकऱ्याच्या चुलीपाशी कोणती भाषा बोलली जात होती, हे तो दगड सांगत नाही. सीमाभागातल्या मराठी माणसाची मागणी आजच्या जित्या माणसांच्या बोलीवर उभी आहे. तिला आठशे वर्षांपूर्वीचा साक्षीदार लागत नाही, आणि असा साक्षीदार उलटतपासणीत टिकतही नाही. हे मत आमच्यातल्या काहींना रुचत नाही, याची मला कल्पना आहे.

तसे पाहिले तर हे लेख वाचायची सोय आपल्याच मुलांपाशी जास्त. देवनागरी घरची, कन्नड शाळेत शिकलेली. हळेकन्नड काही झटकन उलगडत नाही, पण एखादे अक्षर ओळखीचे निघाले की पोरे दगडाला नाक लावतात.

ही वाट पावसाळ्यात चालता येत नाही. जुलै-ऑगस्टात मलिकवाड-दत्तवाड आणि कल्लोळ-यडूर हे दोन्ही बंधारे बुडतात आणि प्रदक्षिणा दोन ठिकाणी तुटते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी तर दोन्ही राज्यांची गावे सारखीच बुडवली. दिवाळीनंतर पाणी उतरलेले असते. त्रिपुरी पौर्णिमेच्या मध्यरात्री चंद्र स्वर्गमंडपाच्या वर्तुळावर येतो, तेव्हा तिथे फार गर्दी होते. लेख पाहायचे असतील तर गर्दी ओसरल्यावर एखाद्या सकाळी लवकर जावे. तिरप्या उन्हात अक्षरे उठून दिसतात.