रिमोट डेस्कटॉपचा परवाना अडतो तेव्हा

प्रतिनिधी

महिन्याची २० तारीख. जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरण्याचा अखेरचा दिवस. करसल्लागाराच्या कार्यालयातील दहा जण सकाळी नेहमीप्रमाणे आपापल्या संगणकावरून मुख्य सर्व्हरला जोडणी करू लागतात आणि दहाही पडद्यांवर एकच संदेश उमटतो : परवाना देणारा रिमोट डेस्कटॉप लायसन्स सर्व्हर उपलब्ध नसल्याने जोडणी खंडित करण्यात आली आहे. आदल्या सायंकाळपर्यंत सारे सुरळीत होते. कोणी काही बदललेले नाही. मग रात्रीत असे घडले तरी काय?

बहुतेक वेळा रात्रीत काहीच घडलेले नसते. चूक झालेली असते ती चार महिन्यांपूर्वी, सर्व्हर बसवला त्या दिवशी. ती आज उघडकीस आली इतकेच. एकाच सर्व्हरवर हिशेबाची प्रणाली ठेवून सर्वांनी दुरून काम करण्याची पद्धत लहान कार्यालयांतही रुळली आहे. त्यामुळे हा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. तो ओळखावा कसा आणि निस्तरावा कसा, याची ही माहिती.

परवाना कशाचा?

मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आणली. २००९ मध्ये विंडोज सर्व्हर २००८ आर२ बरोबर या सेवेचे नाव रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस असे झाले. जुने नाव काही ठिकाणी अजूनही दिसते. त्याने गोंधळून जाऊ नये.

कोणत्याही विंडोज सर्व्हरवर देखभालीसाठी एका वेळी दोन जोडण्या वेगळ्या परवान्याशिवाय करता येतात. अनेक कर्मचाऱ्यांना रोजचे काम करायचे असेल, तर मात्र सेशन होस्ट ही सेवा बसवावी लागते आणि प्रत्येक संगणकामागे किंवा प्रत्येक व्यक्तीमागे क्लायंट ॲक्सेस लायसन्स, म्हणजे 'कॅल', विकत घ्यावे लागते. सर्व्हरचे साधे कॅल निराळे आणि रिमोट डेस्कटॉपचे निराळे, दोन्ही लागतात. हे कॅल ज्या यंत्रावर जमा असतात आणि जेथून वाटले जातात, तो लायसन्स सर्व्हर होय. लहान कार्यालयात तो त्याच यंत्रावर असला तरी चालतो.

सेशन होस्ट सुरू झाल्यापासून १२० दिवसांची सवलत मिळते. त्या काळात लायसन्स सर्व्हर नसला तरी सर्वांना प्रवेश मिळतो. मुदत संपत आल्याच्या सूचना व्यवस्थापकाच्या खात्यावर येत राहतात. पण सर्व्हर बसवून देणारा तंत्रज्ञ पुन्हा त्या खात्यात डोकावतोच असे नाही. १२० दिवस संपले की दार बंद होते.

आधी एक प्रश्न विचारावा

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी विचारावे : तक्रार एकाच संगणकाची आहे, काही संगणकांची आहे की सर्वांची? निम्मे निदान या उत्तरातच होते.

तक्रार एकाच संगणकाची असेल आणि परवान्याच्या देवाणघेवाणीत त्रुटी आली असा संदेश असेल, तर दोष सर्व्हरचा नसून त्या संगणकात साठवलेल्या परवान्याच्या नोंदीचा असण्याचा संभव अधिक. रजिस्ट्री एडिटर उघडून लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट या क्रमाने एमएसलायसन्सिंग या कप्प्यापर्यंत जावे. प्रथम त्याची प्रत जतन करावी, मगच तो कप्पा काढून टाकावा. त्यानंतर रिमोट डेस्कटॉप कनेक्शनच्या चिन्हावर उजवे क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' हा पर्याय निवडावा आणि एकदा जोडणी करावी. साध्या खात्याला हा कप्पा नव्याने तयार करण्याचा अधिकार नसतो, म्हणून ही पायरी वगळू नये.

हा उपाय सरसकट सर्व संगणकांवर करू नये. कप्पा पुसला की त्यातील परवानाही जातो आणि सर्व्हर त्याच संगणकाला दुसरा परवाना देऊ शकतो. पहिला परवाना मुदत संपेपर्यंत अडकून राहतो आणि शिल्लक विनाकारण घटते.

सर्वांची जोडणी तुटली तर

अशा वेळी व्यवस्थापकाने सर्व्हरसमोर बसून किंवा एमएसटीएससी या आज्ञेपुढे तिरकी रेघ व 'ॲडमिन' हा शब्द जोडून प्रवेश करावा. देखभालीच्या या जोडणीला कॅल लागत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ११२८ क्रमांकाची नोंद आढळली, तर सवलतीची मुदत संपली हे निश्चित समजावे. त्यानंतर आरडी लायसन्सिंग डायग्नोसर हे साधन उघडावे. सेशन होस्टला लायसन्स सर्व्हर ठाऊक आहे का, परवान्याची पद्धत ठरवली आहे का आणि किती कॅल उपलब्ध आहेत, ही तिन्ही उत्तरे तेथे मिळतात.

कॅल विकत घेतलेले आहेत, लायसन्स सर्व्हरवर चढवलेलेही आहेत, आणि तरी प्रवेश नाही, असेही पुष्कळदा होते. कारण सेशन होस्टला लायसन्स सर्व्हरचा पत्ता कोणी दिलेलाच नसतो. त्यासाठी ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कॉम्पोनंट्स, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट, लायसन्सिंग या मार्गाने जावे. तेथील दोन नोंदी पूर्ण कराव्यात : एकीत लायसन्स सर्व्हरचे नाव द्यावे, दुसरीत पर डिव्हाइस किंवा पर यूजर ही पद्धत निवडावी. जे कॅल खरेदी केले तीच पद्धत निवडणे आवश्यक आहे. बदल केल्यावर सर्व्हर एकदा पुन्हा सुरू करावा.

लायसन्स सर्व्हर वेगळ्या यंत्रावर असेल, तर त्यावरील रिमोट डेस्कटॉप लायसन्सिंग ही सेवा चालू आहे का आणि मधल्या फायरवॉलमध्ये टीसीपी १३५ तसेच ४९१५२ ते ६५५३५ ही पोर्ट त्या यंत्रासाठी मोकळी आहेत का, हेही तपासावे.

काहींनाच प्रवेश का मिळत नाही?

जुने संगणक चालतात आणि नवे अडतात, ही पर डिव्हाइस कॅल संपल्याची खूण आहे. या पद्धतीत नव्या संगणकाला प्रथम ९० दिवसांचा तात्पुरता परवाना मिळतो. पुढील प्रवेशाच्या वेळी शिल्लक असेल तर कायम परवाना दिला जातो. शिल्लक नसेल, तर तात्पुरत्या परवान्यावर काम चालू राहते आणि ९० दिवसांनी थांबते. कायम परवान्याचीही मुदत ५२ ते ८९ दिवसांची असते आणि वापर चालू असेल तर ती वाढत जाते. मोडीत काढलेल्या संगणकाचा परवाना मुदत संपल्यावर आपोआप परत येतो. घाई असेल, तर व्यवस्थापकाला तो आधीही काढून घेता येतो. मात्र एका वेळी एकूण कॅलच्या २० टक्क्यांपर्यंतच.

कर्मचारी कार्यालयातून आणि घरूनही काम करत असतील, तर एका व्यक्तीमागे दोन संगणक मोजले जातात. अशा ठिकाणी पर यूजर कॅल सोयीचे. परंतु त्यासाठी ॲक्टिव्ह डिरेक्टरी असलेले डोमेन लागते. डोमेन नसताना विंडोज सर्व्हर २०१९ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीवर ही पद्धत निवडल्यास ६० मिनिटांनी जोडणी तुटेल असा इशारा येतो आणि ती खरोखरच तुटते. दर तासाला बाहेर पडावे लागते, या तक्रारीचे मूळ येथे शोधावे.

आवृत्तीचा मेळही महत्त्वाचा आहे. नवे कॅल जुन्या सर्व्हरवर चालतात, पण जुने कॅल नव्या सर्व्हरवर चालत नाहीत. सर्व्हर २०१६ वरून २०१९ वर नेला आणि कॅल मात्र २०१६ चेच ठेवले, तर परवाना मिळणार नाही. लायसन्स सर्व्हरही सेशन होस्टच्या आवृत्तीचा किंवा त्याहून नवा असावा.

आडवाट नको

सवलतीचा काळ मोजणारी नोंद पुसून आणखी १२० दिवस मिळवण्याची युक्ती काही तंत्रज्ञ सुचवतात. ती दुरुस्ती नव्हे, परवाना कराराचा भंग आहे, आणि चार महिन्यांनी तोच प्रसंग पुन्हा दारात उभा राहतो. पर यूजर पद्धतीत खरेदीपेक्षा अधिक जणांना सर्व्हर सहसा अडवत नाही. म्हणून तो वापर कायदेशीर ठरत नाही. तपासणी झाली तर जबाबदारी कार्यालयाच्या मालकावर येते, तंत्रज्ञावर नव्हे.

सुरक्षेचा प्रश्नही आहे. लायसन्सिंग सेवेतील एक गंभीर दोष मायक्रोसॉफ्टने जुलै २०२४ मध्ये दूर केला. त्या दोषामुळे हल्लेखोराला खाते वा पासवर्ड नसतानाही त्या यंत्रावर घातक प्रणाली चालवणे शक्य होते. म्हणून सर्व्हर अद्ययावत ठेवावा, ही सेवा इंटरनेटवर उघडी ठेवू नये आणि गरज नसेल तेथे ती काढून टाकावी.

पहिल्याच दिवशी करावयाची कामे

सर्व्हर बसवून घेताना तंत्रज्ञाकडून डायग्नोसरचा पडदा पाहून घ्यावा. तेथे दोष शून्य आणि कॅलची संख्या बरोबर दिसेपर्यंत काम पूर्ण झाले असे मानू नये. कॅल खरेदीची पावती आणि कराराचा क्रमांक कार्यालयाच्या फाइलमध्ये ठेवावा, कारण यंत्र बिघडून सर्व्हर नव्याने उभा करावा लागला तर हाच क्रमांक उपयोगी पडतो. आणि सर्व्हर सुरू केल्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहून त्यापुढील शंभराव्या दिवसावर खूण करावी. त्या दिवशी दहा मिनिटे काढून परवाने तपासले, तर विवरणपत्राच्या दिवशी दार बंद मिळणार नाही.