न दिसणारं सोनं

आज आपण सोनं आणि तांबं एकत्र आल्यावर काय घडतं, ते बघणार आहोत. त्यासाठी जपानला जाऊ.

तिथल्या एका मिश्रधातूचं नाव शाकुदो. तांबं, आणि त्यात साधारण ३ ते ५ टक्के सोनं. घासूनपुसून ठेवला, तर तो तांब्यासारखाच दिसतो. मग इतकं महाग सोनं त्यात घालायचं कशाला?

याचं उत्तर उकळत्या भांड्यात आहे. कारागीर त्या वस्तूला किसलेला मुळा चोळत आणि जंगाल व मोरचूद घातलेल्या पाण्यात ती उकळत. शाकुदो निळसर काळा होई. नुसतं तांबं त्याच पाण्यात टाकलं, तर ते तांबूस-तपकिरीच राही. म्हणजे काळेपणा आला तो सोन्यामुळे! सामुराईंच्या तलवारीची त्सुबा, म्हणजे हात वाचवणारी चकती, अशा काळ्या धातूची करत आणि तिच्यावर पिवळ्या सोन्याची नक्षी खुलवत.

हे घडतं कसं? पृष्ठभागावर तांब्याच्या ऑक्साइडचा पातळ थर तयार होतो. त्याचा स्वतःचा रंग लालसर. पण त्यात सोन्याचे अतिसूक्ष्म कण अडकलेले असतात. प्रकाश पडला की त्या कणांमधले इलेक्ट्रॉन एकत्र हेलकावतात आणि ऑक्साइडने सोडलेला प्रकाशही शोषून घेतात. यालाच आपण प्लाझ्मॉन म्हणतो. धातूचे गोल कण प्रकाश कसा शोषतात, याचं गणित गुस्टाव्ह मी यांनी मांडलं १९०८ साली. शाकुदो त्याच्या कितीतरी आधीचा.

१८७६ मध्ये सरकारने तलवार बाळगण्यावर बंदी घातली. तलवारीच्या कारागिरांचं गिऱ्हाईकच गेलं. ही विद्या तिथेच बुडाली असती. पण अनेकांनी परदेशी बाजारासाठी फुलदाण्या आणि डब्या घडवल्या, म्हणून ती टिकली.

आज प्रयोगशाळेत सोन्या-तांब्याचे नॅनोकण बनवताना तांबं ऑक्सिडाइज होतं, ही डोकेदुखी असते. प्लाझ्मॉनचा रंग सरकतो, फिका पडतो. जपानी कारागिराने मात्र तेच मुद्दाम घडवून आणलं. त्याच्याकडे सिद्धान्त नव्हता, पण कृती पक्की होती. विज्ञानाचा इतिहास सांगताना आपण सिद्धान्ताच्या सालापासून सुरुवात करतो, आणि असे हात हिशेबातून सुटतात. ती चूक आपण टाळूया.