केशधावनाची पारंपरिक साधने : अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

सारांश

शिकेकाई, रिठा, आवळकाठी, जास्वंद, ताक, हरभऱ्याचे पीठ ही केस धुण्याची साधने आज ‘नैसर्गिक पर्याय’ म्हणून पुन्हा चर्चेत आली आहेत. ती सर्वत्र, सर्वांना आणि विनासायास उपलब्ध होती, असे या चर्चेत गृहीत धरलेले असते. प्रस्तुत लेखात अहमदनगर जिल्ह्याचा भूगोल, पाणी, बाजार आणि स्त्रियांचे श्रम यांच्या आधारे या गृहीतकाची तपासणी केली आहे. या साधनांचा ऱ्हास केवळ जाहिरातींमुळे झाला नाही. त्यामागे पाणी, सरपण व वेळ यांचे अर्थकारण होते, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रस्तावना

इतिहासलेखनात राजकीय घडामोडींना जेवढे स्थान मिळाले, तेवढे दैनंदिन जीवनातील लहानसहान व्यवहारांना मिळाले नाही. स्नान, केशधावन, अभ्यंग यांविषयीची माहिती धर्मशास्त्र, आयुर्वेद, शब्दकोश, गॅझेटियर आणि वनस्पतिशास्त्रीय ग्रंथ यांत विखुरलेली आहे. ती एकत्र केली तर एखाद्या प्रदेशाचा सामाजिक इतिहास वेगळ्या बाजूने उलगडतो. अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पश्चिमेला अतिवृष्टीचा अकोले तालुका, मध्यभागी प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांखालील ऊसपट्टा आणि दक्षिण-पूर्वेला कर्जत, जामखेड, पाथर्डी यांसारखे अवर्षणप्रवण तालुके अशी तीन भिन्न क्षेत्रे या एकाच जिल्ह्यात आहेत.

प्राचीन वाङ्मयातील संदर्भ

रिठ्याला संस्कृतमध्ये ‘अरिष्टक’ आणि ‘फेनिल’ अशी नावे आहेत. त्यांपैकी दुसरे नाव त्याच्या फेसाळ गुणावरून पडले आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीच्या प्रकरणी लोकरीची कांबळी रिठ्याने शुद्ध करावीत असा निर्देश आहे. येथे रिठा केसांसाठी नव्हे तर वस्त्रांसाठी सांगितला आहे. ही परंपरा पुढेही टिकली. रेशमी व लोकरी वस्त्रे रिठ्याच्या पाण्यात धुण्याची आणि चांदी-सोन्याचे दागिने त्याने उजळण्याची पद्धत महाराष्ट्रातील घरांतून व सराफांच्या दुकानांतून अलीकडेपर्यंत रूढ होती. ज्या पदार्थाने लोकर स्वच्छ होते त्यानेच केस स्वच्छ व्हावेत हे स्वाभाविक आहे, कारण लोकर आणि केस हे दोन्ही केराटिन या एकाच प्रथिनाचे बनलेले असतात.

शिकेकाईची स्थिती काहीशी निराळी आहे. काही अभ्यासक तिचा संबंध संहिताग्रंथांतील ‘सप्तला’ या वनस्पतीशी जोडतात, परंतु या ओळखीबाबत एकमत नाही. तिच्या मराठी नावाचा उगम मात्र दक्षिणेकडील आहे. कन्नडमध्ये ‘सीगे’ ही वेल आणि ‘काई’ म्हणजे फळ किंवा शेंग. ‘सीगेकाई’चे मराठीत ‘शिकेकाई’ झाले. वस्तूसोबत नावही प्रवास करते हे लक्षात घेतल्यास, दख्खनच्या पठारावर ही शेंग दक्षिणेशी असलेल्या व्यापारी व सांस्कृतिक संपर्कातून रुळली असावी, असे अनुमान करता येते. एकोणिसाव्या शतकापर्यंत हा शब्द मराठीत पूर्ण रुजला होता आणि मोल्सवर्थच्या कोशातही त्याची नोंद झाली.

आयुर्वेदात केसांच्या संदर्भात धावनापेक्षा तेलाला अधिक महत्त्व आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात नित्य शिरोभ्यंगाचे फायदे सांगितले आहेत. शरीराच्या खालच्या भागावर उष्ण पाणी घ्यावे, पण मस्तकावर घेऊ नये, कारण त्यामुळे केस व डोळे यांचे बल कमी होते, असे वाग्भटाने अष्टांगहृदयात म्हटले आहे. केस वारंवार धुण्याची गरज ही आधुनिक कल्पना असून पूर्वी तेल लावणे ही नित्याची आणि धुणे ही नैमित्तिक क्रिया होती, हे यावरून दिसते.

सामाजिक व धार्मिक संदर्भ

मराठी समाजात ‘अंघोळ करणे’ आणि ‘न्हाणे’ या दोन क्रियांत भेद केला जातो. न्हाणे म्हणजे डोक्यावरून स्नान. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान, सणवार, मासिक धर्मानंतरचे चौथ्या दिवसाचे स्नान, बाळंतिणीचे न्हाणे, सुतक फिटल्यावरचे स्नान असे त्याचे प्रसंग ठरलेले होते. शिकेकाई अशा प्रसंगांशी जोडलेली असल्याने तिचा वापर अधूनमधून, परंतु विधिपूर्वक होत असे.

ही व्यवस्था सर्व स्त्रियांना समान नव्हती. ब्राह्मण व काही अन्य उच्चवर्णीय समाजांत विधवांचे केशवपन केले जाई. त्यामुळे शिकेकाईचे न्हाणे हे सौभाग्याचेही लक्षण ठरले. केशवपनाविरुद्ध एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंदोलन उभे राहिले. १८९० मध्ये सत्यशोधक नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे मुंडन करण्यास नकार दिला. पारंपरिक केशसंवर्धनाचा गौरव करताना, परंपरेने कोणाला केस राखू दिले आणि कोणाला नाही, हा प्रश्न वगळता येत नाही.

जिल्ह्याचा भूगोल आणि साधनांची उपलब्धता

शिकेकाई ही काटेरी, आधाराने चढणारी मोठी वेल आहे. तिला पावसाची व दाट झाडीची गरज असते. अकोले तालुक्यात कळसूबाई (१६४६ मीटर), रतनगड, हरिश्चंद्रगड या परिसरात भरपूर पाऊस पडतो. येथील महादेव कोळी व ठाकर समाजांचे जीवन हिरडा, मध, रानभाज्या यांसारख्या वनोपजांशी निगडित राहिले आहे. याउलट जिल्ह्याचा बहुतांश भाग पर्जन्यछायेत येतो. तेथे शिकेकाई ही रानातून आणण्याची नव्हे, तर आठवडे बाजारातून किंवा काष्ठौषधींच्या दुकानातून विकत घेण्याची वस्तू होती. सोबत लागणारी आवळकाठी, नागरमोथा, गव्हला कचरी, कपूर कचरी हीदेखील बहुतांशी दुकानातूनच येत.

कोरडवाहू भागात केस धुण्यासाठी घरचीच साधने सोयीची होती. हरभऱ्याचे पीठ, ताक, लिंबू, कोरफड आणि नदीकाठची किंवा शेतातील मऊ माती ही त्यांपैकी प्रमुख होत. कोरड्या माळरानावर तग धरणाऱ्या हिंगणबेटाच्या फळातही रिठ्याप्रमाणे फेस आणणारी सॅपोनिन द्रव्ये असतात. तेलाच्या बाबतीतही स्थानिक पिकांचा प्रभाव होता. खोबरेल तेल किनारपट्टीकडून येई, तर करडई आणि तीळ ही पठाराची पिके होती. म्हणजेच ‘नैसर्गिक’ साधनांची एकच अखिल भारतीय यादी नव्हती. पाऊस, पीक आणि खरेदीची ऐपत यांनुसार ती तालुक्यागणिक बदलत होती.

साधनांमागील शास्त्र

शिकेकाई व रिठा यांतील सॅपोनिनचा एक भाग पाण्याशी आणि दुसरा तेलाशी संलग्न होतो, त्यामुळे तेलकट मळ सुटून येतो. साबणही हेच कार्य करतो, परंतु त्यात दोन अडचणी आहेत. पहिली अशी, की साबण अल्कधर्मी असतो. त्यामुळे केसांच्या बाह्य आवरणातील खवले उघडतात आणि केस राठ होतात. दुसरी अडचण अहमदनगरसारख्या जिल्ह्यात विशेष महत्त्वाची आहे. बेसाल्ट खडकाच्या प्रदेशातील विहिरींचे पाणी बहुधा जड असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. सॅपोनिनचा असा साका होत नाही. म्हणून विहिरीच्या पाण्यावर जगणाऱ्या गावांत साबण मिळू लागल्यानंतरही केसांसाठी शिकेकाई टिकून राहिली, यात केवळ रूढिप्रियता नव्हती.

आज ज्याला कंडिशनर म्हणतात त्याचे कार्यही घरगुती साधनांनी होत असे. जास्वंदीच्या पाना-फुलांतील व कोरफडीच्या गरातील बुळबुळीत द्रव्य केसांवर पातळ थर देते. ताक व लिंबू यांतील आम्लामुळे केसांचे खवले पुन्हा मिटतात. मात्र या साधनांना मर्यादाही आहेत. शिकेकाई व रिठा डोळ्यांत गेल्यास तीव्र आग होते, लिंबाने त्वचेचा दाह होऊ शकतो, आणि नीट न गाळलेली भुकटी केसांत अडकून राहते. ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ असे समीकरण मांडता येत नाही.

साबण, शाम्पू आणि बाजारपेठ

‘शाम्पू’ हा शब्द मूळचा भारतीय आहे. हिंदीतील ‘चाँपना’, म्हणजे दाबणे किंवा चेपणे, या क्रियापदापासून तो इंग्रजीत गेला. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन मुहंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील ब्रायटन येथे स्नानगृह चालवून अंगमर्दनाची ही पद्धत लोकप्रिय केली. त्या शतकाच्या उत्तरार्धात शब्दाचा अर्थ बदलून ‘केस धुणे’ असा झाला. १९३० च्या दशकात अमेरिकेत कृत्रिम अपक्षालकांपासून बनवलेले शाम्पू आले आणि जड पाण्यातील साक्याची अडचण प्रथमच औद्योगिक मार्गाने सुटली.

भारतात १८८८ मध्ये सनलाइट साबण कलकत्त्याच्या बंदरात उतरला. स्वदेशीच्या काळात गोदरेजने प्राणिज चरबीविरहित साबण बाजारात आणला. याच सुमारास, १९१७ मध्ये, वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांच्या प्रयत्नांतून अहमदनगर येथे आयुर्वेद महाविद्यालय सुरू झाले. पुढे शहरात आयुर्वेदाश्रम फार्मसीसारखा औषधनिर्मितीचा उद्योगही उभा राहिला. जी वनौषधी घरात कुटली जाई, ती प्रमाणित करून बाटलीत व पुडीत विकण्याच्या प्रक्रियेत या शहराचा असा सहभाग होता.

जिल्ह्यातील ग्रामीण उपभोगाचे स्वरूप सिंचनाने बदलले. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. १९५० मध्ये प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला. ऊसपट्ट्यात रोख पैसा आला आणि त्याबरोबर किराणा दुकानांतील तयार वस्तूही आल्या. तरीही १९६४ मध्ये भारतात आलेला सनसिल्कसारखा बाटलीबंद शाम्पू दीर्घकाळ शहरी मध्यमवर्गापुरताच राहिला. निर्णायक बदल १९८० च्या दशकात झाला. १९८३ मध्ये सी. के. रंगनाथन यांनी तमिळनाडूत चिक शाम्पूचा व्यवसाय सुरू केला. एका न्हाण्यापुरती, अत्यल्प किमतीची प्लास्टिक पुडी हे त्याचे वैशिष्ट्य होते. अशा पुड्या पाहता पाहता गावोगावच्या दुकानांत लटकू लागल्या.

श्रम आणि पाण्याचा प्रश्न

या पुडीच्या यशाचे श्रेय केवळ जाहिरातींना दिले जाते, ते अपुरे आहे. शिकेकाईने न्हाण्यासाठी शेंगा वाळवणे, कुटणे, भिजवणे, चुलीवर उकळणे, गाळणे आणि नंतर केस भरपूर पाण्याने धुणे एवढे टप्पे असतात. त्यासाठी लागणारे सरपण व पाणी स्त्रियाच आणत. १९७२ च्या दुष्काळाने होरपळलेल्या आणि पुढेही टँकरवर अवलंबून राहिलेल्या गावांत हंडाभर पाण्याचे मोल काय होते, हे निराळे सांगण्याची गरज नाही. शेतमजुरीला किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने पुडी म्हणजे वाचलेला एक तास आणि वाचलेली एक मोळी होती. तिच्या या निवडीला परंपरेचा विसर म्हणणे अन्यायाचे ठरेल.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. रिकाम्या पुड्या बहुस्तरीय प्लास्टिकच्या असल्याने त्यांचा पुनर्वापर कठीण असतो आणि त्या ओढ्या-नाल्यांत साचतात. शिकेकाईचा चोथा मात्र परसातल्या झाडाच्या आळ्यात जाऊन मातीत मिसळतो. शिवाय वापर थांबला की ओळखही पुसली जाते. रानातील कोणत्या वेलीची शेंग केव्हा काढावी, कोणती टाळावी, हे ज्ञान पुढच्या पिढीकडे जात नाही. ‘शिकेकाईयुक्त’ असे लेबल लावलेल्या महाग बाटलीच्या किमतीतील किती वाटा वनोपज गोळा करणाऱ्याच्या हाती पडतो, हा प्रश्नही उरतोच. जैवविविधता कायदा (२००२) आणि वनहक्क कायदा (२००६) यांनी अशा ज्ञानाला व गौण वनोपजाला कायदेशीर आधार दिला आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांच्या गावरान बियाण्यांच्या कार्याची २०२० मध्ये पद्मश्रीने दखल घेतली गेली. स्थानिक ज्ञान जपणारी व्यक्ती आणि समूह पुढे आले तर त्याचे संवर्धन होऊ शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. एक, केशधावनाची पारंपरिक साधने प्रदेशनिष्ठ व ऐपतीनुसार भिन्न होती. ‘आपली प्राचीन परंपरा’ या एकाच शब्दात त्यांना बसवता येत नाही. दोन, त्यांचा टिकाव आणि ऱ्हास या दोहोंमागे पाण्याची जडता, पाण्याची टंचाई व स्त्रियांचे श्रम ही ठोस कारणे होती. तीन, या साधनांचे पुनरुज्जीवन करायचे असेल तर कुटण्या-उकळण्याचा भार पुन्हा स्त्रियांवर न टाकता आणि संग्राहकाचा वाटा न डावलता ते व्हावे लागेल. अकोल्याच्या डोंगरातील संग्राहक आणि जामखेड-कर्जतमधील पाणी वाहणारी स्त्री या दोघांचा विचार ज्यात नाही, असा ‘नैसर्गिक पर्याय’ हा केवळ बाजारातील आणखी एक नवा माल ठरेल.