नागपुरात हाती आलेलं गणित

आजची गोष्ट आहे एका अंतराची. किलोमीटरमधलं नाही, आकडेवारीतलं.

साल १९२०. नागपुरात इंडियन सायन्स काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात फिजिक्स शिकवणारे प्रशांतचंद्र महालनोबिस तिथे झूलॉजिकल सर्व्हेचे संचालक नेल्सन ॲनान्डेल यांना भेटले. ॲनान्डेल यांच्याकडे कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांची शारीरिक मापं होती. ती तपासायचं काम त्यांनी महालनोबिसांना दिलं.

आता प्रश्न बघा. एकेका माणसाची अनेक मापं असताना दोन गट एकमेकांपासून किती लांब, हे ठरवायचं कसं? मापं सुटी नसतात, एकमेकांशी बांधलेली असतात. सहा फूट उंची आणि ८० किलो वजन, यात विशेष काही नाही. पण पाच फूट उंचीला ८० किलो म्हणजे वेगळी केस! हे नातं हिशेबात धरणारं अंतर महालनोबिसांनी १९३६ च्या निबंधात मांडलं. आज ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

पण मला जास्त भावतं ते त्यांचं त्याआधीचं काम. हर्बर्ट रिसली या ब्रिटिश अधिकाऱ्याने बंगालमधल्या जाती-जमातींची मापं छापली होती. महालनोबिसांनी ती वापरण्याआधी तपासली, चुका शोधल्या आणि १९३३ मध्ये दुरुस्ती प्रसिद्ध केली.

मी नेमकं हेच केलं नव्हतं. सर्व्हरमधला बिघाड आधीच ओळखायचा म्हणून मी हे अंतर वापरलं. मापं ४००, नोंदी फक्त ३००. या सूत्रात एक मॅट्रिक्स उलटवावं लागतं, आणि नोंदी मापांपेक्षा कमी असल्या की ते उलटतच नाही. मी जुगाड करून पुढे रेटलं. रात्रभर खोटे अलार्म, सगळ्या टीमची झोप उडाली. सकाळी कळलं, बरीच मापं एकमेकांच्या नकला होत्या आणि एका मशीनचं घड्याळच चुकलं होतं.

मिती वाढल्या की डेटा अपुरा पडत जातो. रिचर्ड बेलमन यांनी १९५७ मध्ये याला 'मितींचा शाप' म्हटलं. पुढे ते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात गणितासोबत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचेही प्राध्यापक होते. या शापावर आज बरेच उतारे आहेत. पण चुकलेलं घड्याळ कुठलंच सूत्र आपणहून दुरुस्त करत नाही. ते आपल्यालाच जाऊन बघावं लागतं.

तुमची अशी एखादी रात्र असेल तर नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!